आधी दोरी मोजा: ऐरोलीतल्या एका घराचा पावसाळा

घर नवी मुंबईतल्या ऐरोलीतलं, सात मजली सोसायटीत चौथ्या मजल्यावरचं, दोन बेडरूमचं. माणसं पाच: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, सात महिन्यांचं बाळ आणि आजी. वॉशिंग मशीन सेमी ऑटोमॅटिक. कपडे वाळत घालायला स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी आणि तिच्या छताला सहा नळ्यांचा पुलीचा हँगर, एकेक नळी पाच फुटांची. हा शेवटचा तपशील मे महिन्यात कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पुढचं सगळं प्रकरण मात्र त्याच्यावरच अडलं.

एकदा वापरून फेकायच्या वस्तू कमी करायच्या असं ठरल्यावर या घराने सुरुवात बरोबर केली. आधी काही विकत न घेता आठवडाभर सुक्या कचऱ्याच्या डब्यावर कागद चिकटवला आणि टाकलेल्या प्रत्येक वस्तूमागे रेघ मारली. रविवारी बेरीज आली ती अशी: डायपर ४६, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या १४, बाजारातून आलेल्या पातळ पिशव्या ११, किचन टिश्यूचे रोल २, सॅनिटरी पॅड ९, रेझर १. घरात सगळ्यांचा संशय पिशव्यांवर होता, कारण डोळ्याला त्याच दिसतात. पण भिजलेला डायपर दीड-दोनशे ग्रॅम भरतो. ४६ डायपर म्हणजे आठवड्याला सात ते नऊ किलो. बाकीचं सगळं मिळून त्याच्या जवळपासही येत नाही.

शिवाय या नगाचं पुढे काहीच होत नाही. आत लाकडाचा लगदा आणि पाणी धरून जेली होणारे पॉलिमरचे दाणे, बाहेर पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन. हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं, त्यात मूत आणि शी. ना खत होतं, ना भंगारवाला हात लावतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर आणि पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं, ते वेचणाऱ्या हातांसाठी. नवी मुंबईत त्यांचा प्रवास तुर्भ्याच्या कचराभूमीच्या दिशेनेच.

मे महिन्यातली खरेदी

घराने ऑनलाइन बारा पॉकेट डायपर मागवले. बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड, आत खिसा, खिशात सरकवायचा पाच थर एकत्र शिवलेला पॅड. मे महिन्याच्या उन्हात सकाळी अकराला घातलेला पॅड चार वाजता कडकडीत. रात्रीसकट सगळं कापडी झालं. आजींनी पहिल्याच दिवशी तो पॅड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, लंगोट उलगडतो. हे तुमचं उलगडत नाही." कुणी फारसं लक्ष दिलं नाही. प्रकरणातली सगळ्यात अचूक तपासणी तीच होती.

जूनच्या मध्यापर्यंत गाडी चालली. जुलैत हेच पॅड वाळायला दोन दिवस घेऊ लागले, आणि वाळल्यासारखे वाटले तरी मधला थर गारच. बारा पॅड, रोजची गरज सात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दमट पॅड वापरणं किंवा जुन्या डायपरकडे जाणं एवढेच पर्याय. घराने दोन्ही केलं. तिसऱ्या आठवड्यात सकाळचा डायपर काढताना डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका यायला लागला. मग बाळाच्या जांघेत लालभडक चट्टा उठला, कडेला सुटे लाल ठिपके. डॉक्टरांनी बुरशी सांगितली आणि मलम दिलं. पॉकेट डायपर कपाटाच्या वरच्या खणात गेले.

बहुतेक घरांची गोष्ट इथे संपते. "आपल्या हवेत हे जमत नाही," असा शेरा मारून. हवा खरंच वाईट असते, जुलैत सकाळची आर्द्रता नव्वदीला टेकते. पण चूक हवेची नव्हती, मोजणीची होती. कचरा मोजला, दोरी मोजली नाही.

बिघाड नेमका कुठे होता

वास आणि पुरळ हे दोन वेगळे रोग नव्हते. मुतातल्या युरियाचा अमोनिया जंतू करतात, आणि त्यांना त्यासाठी ओल आणि वेळ लागतो. या घरात दोन्ही मिळत होतं. वापरलेले पॅड झाकणाच्या बादलीत पाण्यात दीड दिवस भिजत पडायचे, कारण मशीन एक दिवसाआड लागायचं. धुतल्यावर जाड पॅडच्या पोटातून साबण आणि मूत दोन्ही पुरते निघायचे नाहीत. वर कपड्यांचं कंडिशनर घातलेलं. त्याने धाग्यावर मेणचट थर बसतो आणि कापड पाणी शोषायचं थांबतं, म्हणून डायपर गळायचे, म्हणून दोन पॅड घालायचे, म्हणून दोरीवर दुप्पट ओझं. डायपर रॅशचं मलमही तेच करतं. मलम लावायचं असेल तर जुन्या बनियनची पट्टी मध्ये घालावी आणि ती वेगळी धुवावी.

नवऱ्याने यावर गरम हवेचा ड्रायर घ्यायचं काढलं. ब्रिटनमध्ये २००८ साली फेकायचे आणि धुवायचे डायपर यांच्या तुलनेचा सरकारी अभ्यास झाला होता. अडीच वर्षांच्या हिशोबात फेकायच्या डायपरचं हरितगृह वायूंचं ओझं सुमारे ५५० किलो आलं आणि धुवायच्या डायपरचं ५७०. म्हणजे कापड आपोआप जिंकत नाही. पण त्याच अभ्यासात दोरीवर वाळवणं, मशीन पूर्ण भरून लावणं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरणं एवढं केलं की कापडाचं ओझं साधारण दोनशे किलोंनी उतरलं, आणि ड्रायर व कडक गरम पाण्याने ते फेकायच्या डायपरच्या कितीतरी वर गेलं. २०२३मध्ये हा हिशोब नव्याने झाला तेव्हा कापड सुमारे पाव हिश्शाने हलकं ठरलं. आपली वीज बरीचशी कोळशाची, त्यामुळे ड्रायरचं पारडं इथे आणखी जड. ड्रायर बाद.

आजींनी दुसरा उपाय सुचवला: शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट. कौलारू घरात ते चालायचं, कौलांतून धूर आणि वायू जायचे. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि शेजारी झोपलेलं बाळ. तेही बाद. पण त्यांचा लंगोट बाद नव्हता.

तीन साड्या, साठ चौकोन

सहावारी सुती साडी साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची. काठ काढून ५५ सेंटिमीटरचे चौकोन कापले तर लांबीत दहा, रुंदीत दोन, म्हणजे एका साडीत वीस. जुनी, शेकडो वेळा धुतलेली साडीच घ्यावी. नव्या सुती कापडात खळ आणि कापसाचं नैसर्गिक मेण असतं, ते सहा-सात धुण्यांनंतर सुटतं, तोवर पाणी वरून ओघळतं. साडी खरंच सुती आहे का ते कडेचा एक धागा जाळून बघावं. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून गोळी होते. या घरातल्या चार "सुती" साड्यांपैकी एक या परीक्षेत नापास झाली.

चौकोनाची घडी तीन बाय तीन. एकावर एक नऊ थर, हाताच्या पंजाएवढी पट्टी. दिवसा एका वेळी दोन चौकोन एकत्र घडी करून, रात्री चार. वरून नुसतं पीयूएलचं कव्हर, आत काही न शिवलेलं. टाचणी-पिन लागत नाही. घातल्यावर मांडीभोवती रबराच्या आतून एक बोट फिरवायचं. कापडाची कड बोटभरही बाहेर डोकावत असेल तर तीच वात होते आणि मिनिटांत झबलं ओलं करते. गळणारे बहुतेक डायपर एवढ्यावर थांबतात.

आणि धुताना ही घडी उलगडते. नऊ थरांची पट्टी पुन्हा एक थर होते, साबण आरपार जातो, वारा आरपार जातो. आजींचं मे महिन्यातलं वाक्य इथे कामाला आलं.

आता दोरीचा हिशोब. दिवसाचे सहा बदल, प्रत्येकी दोन, म्हणजे बारा. रात्रीचे चार. एकूण सोळा चौकोन, प्रत्येकाला ५५ सेंटिमीटर दोरी: ८.८ मीटर. बाल्कनीतला हँगर सहा नळ्यांचा, प्रत्येकी दीड मीटर: ९ मीटर. म्हणजे बाळाच्या कापडांनीच हँगर संपला, आणि बाकी चौघांचे रोजचे कपडे, त्यांना आणखी सात-आठ मीटर, जाणार कुठे? जुलैत हाच गुंता झाला होता. शाळेचा युनिफॉर्म आधी, बाळाचे पॅड दाटीवाटीने कोपऱ्यात, एकावर एक. दाटीत ठेवलेलं काही वाळत नाही, ते फक्त हळू कुजतं.

उपाय तीन मिळून झाला. हॉलमध्ये पंख्याखाली घडीचा स्टँड आला, बारा मीटरचा. पावसाळ्यात रात्रीचा एक डायपर फेकायचाच ठेवला, त्याने चार चौकोन आणि २.२ मीटर दोरी वाचली. आणि पिळण्यात सुधारणा झाली, जी सगळ्यात स्वस्त पडली.

सेमी ऑटोमॅटिकच्या शेजारच्या ज्या लहान टबाला आपण ड्रायर म्हणतो तो वाळवत नाही, तो पिळतो, पण फार चांगला पिळतो. मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे. वरून कपडे टाकायच्या पूर्ण ऑटोमॅटिक मशिनी बऱ्याचदा सातशेच्या घरात असतात. म्हणजे या एका कामात जुनी सेमी महागड्या मशीनला भारी. एक चौकोन साधारण २७ ग्रॅमचा, सोळा मिळून ४३० ग्रॅम. हाताने पिळून काढले तर स्वतःच्या वजनाएवढं किंवा जास्तच पाणी धरून बसतात. पाच मिनिटं स्पिन केले तर जवळपास अर्धंच. म्हणजे वाळवायला उरतं ते दोन-सव्वादोनशे मिलिलिटर, चहाच्या दोन कपांएवढं पाणी. तेवढं पंखा नेतो. पण चौकोन टबाच्या एका बाजूला गोळा झाले तर टब धडधडतो आणि घरातले घाबरून स्पिन अर्ध्यावर बंद करतात. गोल पसरून, वर प्लास्टिकची जाळी दाबूनच झाकण लावावं.

स्टँडवर चौकोन मधोमध टांगायचा नाही. तसा टांगला की दोन पदर एकमेकांना चिकटतात. एका कडेला दोन चिमटे लावून पूर्ण चौकोन खाली सोडायचा, दोन रांगांत वीतभर अंतर. पंखा मध्यम वेगावर आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या. सगळं बंद करून नुसता पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते. भिंतीवर लहानसा डिजिटल आर्द्रतामापी लावला तर हे डोळ्यांनी दिसतं, आकडा वर चढत जातो. साध्या ७५ वॉटच्या पंख्याचे पाच तास म्हणजे ०.४ युनिटपेक्षा कमी. ज्या घरात रात्री एसी लागतोच, तिथे स्टँड त्या खोलीत सरकवावा. एसी हवेतलं पाणी बाहेर काढतो, सकाळी कापडं कोरडी मिळतात.

कोरडं झालं का ते बोटांना कळत नाही, गालाला कळतं. चौकोन गालावर धरायचा. गार लागला तर अजून पाणी उडतंय, म्हणजे ओल आहे. सगळ्या पावसात शेवटची थोडी ओल इस्त्रीने काढावी. कव्हरला मात्र इस्त्री नाही, ब्लीच नाही. पीयूएलचा थर सुटला की ते चाळणी होतं.

धुण्याचा क्रम बदलला. शी लगेच जेट स्प्रेने कमोडमध्ये. मग चौकोन साध्या पाण्यातून दोनदा खळबळून, पिळून, जाळीच्या उघड्या टोपलीत. भिजत ठेवायचं बंद. मशीन रोज. गीझरचं गरम पाणी, टबाला किती तापमान चालतं ते मशीनच्या पुस्तिकेत बघून. पावडर पाकिटावर तेवढ्या पाण्याला जितकी सांगितली आहे तितकीच. बाळाच्या कापडांना "हलका साबण" म्हणून चिमूटभर पावडर घालणारे लोक वासाची तक्रार घेऊन परत येतात. उलट टोकाला, धुतलेला चौकोन मगभर स्वच्छ गरम पाण्यात हलवून पाहावा. फेस आला तर खळबळणं कमी पडतंय. कंडिशनर आणि अँटिसेप्टिक लिक्विड दोन्ही बंद. हे सगळं करून रोज सत्तर-ऐंशी लिटर पाणी जास्त लागतं. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाच्या भरवशावर ते चालतं. ज्या सोसायटीत टँकर येतो तिने हा खर्च आधी धरावा.

मग पुन्हा आठवडाभर रेघा मारल्या. डायपर ४६ वरून ८: सात रात्रीचे, एक बाहेर जातानाचा. पुरळ परत आलं नाही.

ज्यांना दोरीच लागत नाही

बाकीच्या वस्तूंचा क्रमही मग दोरीवरूनच ठरला. जी वस्तू पुसून लगेच परत वापरता येते ती आधी, जी टांगावी लागते ती नंतर. पावसाळ्यात ही एक कसोटी पुरते.

मेन्स्ट्रुअल कप या कसोटीत पहिला. वैद्यकीय सिलिकॉनचा, पाळीच्या सुरुवातीला वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचा, वापरताना जास्तीत जास्त बारा तासांनी रिकामा करून धुवायचा. कापडी पॅडही चांगले, पण ते लाजेखातर दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातले जातात आणि तिथे वाळत नाहीत. सूर्य नसेल तर तो धोका घेऊ नये. पॅड धुवायचे तर आधी गार पाणी, गरमाने रक्ताचा डाग पक्का बसतो. रेझर: स्टीलचा, पाती बदलायचा. बोथट पाती झाकणाला चीर पाडलेल्या जुन्या डब्यात, सुट्या कचऱ्यात नाही.

टिश्यूचे रोल कशाला लागतात ते पाहिलं तर अर्धे तळणीला. इथे कापड आणू नये. तेलकट कापड खवट होतं आणि धुतलं तर मशीनभर वास लावतं. वर्तमानपत्रही नाही, छपाईची शाई पुरीत उतरते म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते वापरू नका असं सांगितलेलं आहे. झाऱ्यात अर्धा मिनिट निथळू द्यायचं आणि मग ताटावर ठेवलेल्या स्टीलच्या भोकाच्या चाळणीत. तेल खाली जमतं, ते फोडणीला येतं. ओट्यासाठी जुन्या बनियनची चौदा मसोती, रोज दोन, रात्री धुऊन खिळ्याला. आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्यात दहा मिनिटं उकळून. पूर्वी एकच मसोतं आठवडाभर चालायचं, वास त्याचाच होता.

काळ्या पिशव्यांना पर्याय म्हणून खत होणाऱ्या हिरव्या पिशव्या घेण्यात अर्थ नव्हता. पिशवी लागते कारण डबा गळतो, आणि डबा गळतो कारण ओल्या कचऱ्यात पाणी असतं. सिंकमध्ये भोकाची पाटी ठेवली. भाजीची सालं, चहाचा चोथा, उरलेलं सगळं आधी तिच्यात, तासभर निथळून मग डब्यात. डब्याच्या तळाशी नारळाच्या शेंड्या. रोज सकाळी डबा रिकामा करून विसळायचा. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना हे आधी सांगितलं, हे महत्त्वाचं. न सांगता उघडा डबा दारात ठेवला तर त्या नेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

बाजाराच्या पिशव्यांबद्दल थोडंच. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८पासून आहे, पातळ पिशवी तरी सर्वत्र मिळते, म्हणून अवलंबून राहायचं ते आपल्या पिशवीवर. नवी सुती पिशवी विकत घेण्याआधी एक आकडा ध्यानात घ्यावा: ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११मध्ये काढलं की हवामानाच्या हिशोबात ती एका साध्या प्लास्टिक पिशवीच्या खाली यायला १३१ वेळा वापरावी लागते. साड्यांच्या कापलेल्या काठांतून या घराने पाच पिशव्या शिवल्या. मासळीला मात्र कापड नको, तीन लिटरचा झाकणाचा डबा न्यावा, आणि कोळणीने हात घालण्याआधीच सांगावं: "मावशी, आधी डबा तोला, मग मासे." वजन झाल्यावर डबा पुढे केला तर मासे आधीच पिशवीत गेलेले असतात.

ऑक्टोबरचा हिशोब

एक डायपर अकरा रुपये धरला तर मे महिन्यातला आठवड्याचा खर्च पाचशेच्या वर होता, पावसाळ्यात तो नव्वदच्या आसपास आला. खर्चाच्या बाजूला घडीचा स्टँड, पाच कव्हरं, रोजचे पंख्याचे तीन-चार रुपये, साबण आणि पाणी. वाया गेलेली मोठी रक्कम एकच, मे महिन्यातले बारा पॉकेट डायपर. त्यांचे पॅड काढून ठेवले आणि त्यांतली आठ धड असलेली कवचं चौकोनांवर कव्हर म्हणून वापरात आणली. मग पाच कव्हरं नवी घेण्याचीही गरज नव्हती, हे पैसे दिल्यावर लक्षात आलं.

ऑक्टोबरच्या उन्हात रात्रीचाही डायपर कापडी झाला. साठ चौकोनांपैकी सात विरले होते. त्यांच्या कडा दुमडून शिवल्या नाहीत, चौपट शिवून मसोती केली. मसोतं विरलं की पोतेरं, आणि पोतेरं झिजलं तरी ते सुतीच असतं, बारीक कापून सोसायटीच्या खताच्या पिंपात जातं.